शिक्षा होते ती आपल्या नावाने



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आयुष्यभर फौजदारी वकिली करत राहिले. ज्या आरोपीकडे सारं गाव पाठ फिरवतं, त्याचंही वकीलपत्र ते घेत आणि त्यापायी त्यांनी लोकांची बोलणीही खाल्ली. त्यांच्या नावाच्या या व्यासपीठावर शिक्षेबद्दल बोलावं, असं मला मनापासून वाटलं. या विषयात राग आहे, दुःख आहे, भीती आहे. म्हणूनच तो एकत्र बसून, शांत डोक्याने बोलायला हवा.

सुरुवात कोर्टाच्या कागदापासून करतो. दिवाणी दावा असला की त्यावर दोन पक्षकारांची नावं असतात. भाऊ विरुद्ध भाऊ, घरमालक विरुद्ध भाडेकरू. फौजदारी खटल्यावर काय लिहिलेलं असतं? ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध अमुक अमुक’. मार एकाने खाल्लेला असतो, घर दुसऱ्याचं लुटलेलं असतं, फिर्याद तिसऱ्याने दिलेली असते. पण आरोपीच्या समोर उभं राहतं ते राज्य. आणि हे राज्य म्हणजे कोण? तुम्ही आणि मी. येरवडा तुरुंगाच्या दरवाजातून आत जाणारा प्रत्येक कैदी आपल्या नावाने आत जातो. फाशी दिली जाते तीही आपल्याच नावाने.

मग आपल्या नावाने जे चाललं आहे ते न्याय्य आहे का, आणि त्याचा काही उपयोग होतो का, हे आपण विचारायला नको? हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एखाद्या निरपराध माणसाला भर चौकात फटके मारले, तर पाहणारे दहाजण कदाचित घाबरतील. म्हणून ते न्याय्य ठरतं का? उलट, एखादी शिक्षा गुन्ह्याच्या मानाने अगदी रास्त वाटते, पण तिच्यामुळे पुढचा एकही गुन्हा टळत नाही. शिक्षेला या दोन्ही कसोट्यांवर उतरावं लागतं.

शिक्षा कशासाठी करायची, याची चार कारणं पूर्वापार सांगितली जातात. केल्या कर्माची फेड व्हावी, हे पहिलं. इतरांना जरब बसावी, हे दुसरं. धोकादायक माणूस समाजापासून दूर राहावा, हे तिसरं. आणि गुन्हेगार सुधारून परत यावा, हे चौथं. यांतलं कुठलंही कारण मला टाकाऊ वाटत नाही. पण आपल्याकडे चर्चा होते ती फक्त दुसऱ्याची. एखादी भयंकर घटना घडली की मोर्चा निघतो, मेणबत्त्या लागतात आणि एकच मागणी होते: शिक्षा आणखी कडक करा. तेव्हा तिथूनच सुरुवात करू.

माझा पहिला मुद्दा असा की जरब शिक्षेच्या कठोरपणाने बसत नाही, शिक्षेच्या खात्रीने बसते.

हे मी नव्याने सांगत नाही. मिलान शहरातल्या चेझारे बेकारिया नावाच्या तरुणाने १७६४ मध्ये गुन्हे आणि शिक्षा यांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. तेव्हा तो पंचविशीच्या घरात होता. शिक्षा सौम्य असली तरी चालेल, पण ती चुकणार नाही आणि लवकर होईल, असं गुन्हा करणाऱ्याला पक्कं ठाऊक पाहिजे, हे त्याच्या म्हणण्याचं सार. पकडले जाऊ याची खात्री माणसाला थांबवते. पकडलोच तर काय होईल, हा हिशेब तितका थांबवत नाही. गेल्या काही दशकांत जगभर जे अभ्यास झाले, त्यांचा कौलही बहुतांशी बेकारियाच्याच बाजूने पडला आहे.

शिक्षा अति कठोर केली की काय होतं, हे इंग्लंडने करून पाहिलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे दोनशेहून अधिक गुन्ह्यांना फाशी होती. राहत्या घरातून चाळीस शिलिंगांचा ऐवज चोरला तरी फाशी. मग ज्यूरीतले लोक काय करत? चोरलेल्या मालाची किंमत एकोणचाळीस शिलिंग ठरवून मोकळे होत! एवढ्याशा चोरीसाठी माणूस फासावर चढवायला त्यांचं मन धजत नसे. खोट्या हुंड्या आणि नोटा करणाऱ्यालाही फाशी होती. शेवटी १८३० मध्ये खुद्द बँकवाल्यांनीच पार्लमेंटकडे अर्ज केला, की या गुन्ह्याची फाशी रद्द करा, कारण फाशीच्या भयाने कोणी आरोपीला दोषीच ठरवत नाही आणि आमचं संरक्षण होत नाही. ज्यांचे पैसे बुडत होते तेच शिक्षा कमी करा म्हणत होते. शिक्षा वाढली आणि तिची खात्री नाहीशी झाली, हे त्यांना व्यवहारातून कळलं होतं.

आता आपल्या मुंबईकडे या. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत एका तरुणीवर झालेल्या सामूहिक बलात्काराने देश हादरला. २०१३ च्या सुरुवातीलाच कायदा बदलला आणि बलात्काराचा गुन्हा पुन्हा करणाऱ्याला फाशीपर्यंतची शिक्षा पुस्तकात आली. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात मुंबईच्या शक्ती मिलच्या ओसाड आवारात एका तरुण छायापत्रकार मुलीवर सामूहिक बलात्कार झाला. तिने तक्रार दिली. पोलिसांनी भराभर अटक केली. आणि मग दुसरी एक मुलगी पुढे आली. तिने सांगितलं की त्याआधी काही आठवड्यांपूर्वीच, त्याच आवारात, तिच्यावरही असाच अत्याचार झाला होता, आणि आरोपींमध्ये त्यांतलेच काहीजण होते.

श्रोतेहो, इथे जरा थांबा. कायदा कडक झालेला होता. वर्तमानपत्रं महिनोन्‌महिने दुसरं काही लिहीत नव्हती. त्याने त्या पोरांचे हात थांबले का? नाही थांबले. पहिल्या गुन्ह्यानंतर कोणी त्यांच्या दारात आलं नव्हतं. त्या गुन्ह्यातली मुलगी तेव्हा पोलिसांपर्यंत जाऊ शकली नव्हती. का गेली नसेल? आपल्या समाजात मुलीला ते किती अवघड करून ठेवलं आहे, हे मी सांगायला हवं का? ती त्याच दिवशी निर्धास्तपणे पोलीस ठाण्यात जाऊ शकली असती, तर दुसरा गुन्हा कदाचित घडला नसता. जरब बसवायची असेल तर त्या मुलीची पोलीस ठाण्यापर्यंतची वाट सोपी करा. प्रत्येक पोलीस ठाण्यात तिचं म्हणणं ऐकून घेणारं माणूस बसवा. न्यायवैद्यक प्रयोगशाळेचा अहवाल वेळेत येऊ द्या. साक्षीदाराला संरक्षण द्या. शक्ती मिलच्या खटल्याचा निकाल वर्षाच्या आत लागला. म्हणजे आपल्याला हे जमतं. मग ते एखाद्याच गाजलेल्या खटल्यात का जमावं?

२०१८ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलीवरील बलात्कारासाठी फाशीची तरतूद झाली. २०२१ च्या डिसेंबरात आपल्या विधिमंडळाने स्त्रिया आणि मुलांवरील अत्याचारांबाबतचं शक्ती विधेयक मंजूर केलं, त्यातही फाशी होती. या मागणीमागचा संताप मी समजू शकतो. पण मुलांवर अत्याचार करणारा बहुतेक वेळा कोण असतो? घरातला, नात्यातला, शेजारचा, ओळखीचा. काका, मामा, शिकवणीचा मास्तर. आता विचार करा: तक्रार दिली तर सख्ख्या दिराला फाशी होईल, असं म्हटल्यावर त्या घरात त्या पोरीच्या आईला तक्रार देऊ देतील का? जी शिक्षा पोरीच्या रक्षणासाठी आणली, तीच तिचं तोंड दाबायला कारण झाली, तर उपयोग काय?

मुंबई उच्च न्यायालयात अनेक वर्षं न्यायाधीश राहिलेले न्या. अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखाली विधी आयोगाने २०१५ मध्ये फाशीच्याच प्रश्नावर अहवाल दिला. जन्मठेपेपेक्षा फाशीची जरब अधिक बसते असं काही सिद्ध होत नाही, हा त्याचा निष्कर्ष. दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे सोडून बाकी सर्व गुन्ह्यांची फाशी रद्द करावी, अशी शिफारस आयोगाने केली. ती आजही कागदावरच आहे.

दुसरा मुद्दा आहे माणसाच्या चुकांचा. शिक्षा माणसं करतात आणि माणसं चुकतात.

२००३ साली नाशिकजवळ शेतावर राहणाऱ्या एका कुटुंबावर दरोडा पडला. खून झाले, बायकांवर अत्याचार झाले. ऐकवणार नाही असा तो प्रकार होता. पोलिसांनी सहाजणांना पकडलं. भटक्या जमातीतली, अत्यंत गरीब माणसं. खालच्या कोर्टाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. देशातलं सर्वांत वरचं न्यायालय. त्याच्यावर दादच नाही. पुढे प्रकरण पुन्हा उघडलं गेलं आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे सहाही जण निर्दोष आहेत. वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांकडच्या फोटोंमधून ओळखलेली माणसं वेगळीच होती, आणि तिकडे लक्षच दिलं गेलं नव्हतं. सहाजणांतला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. तोपर्यंत सोळा वर्षं गेली होती. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला.

पाच लाख. सोळा वर्षांचे, त्यांतल्या कितीतरी फासाच्या सावलीतल्या वर्षांचे.

मी विचारतो, २००९ ते २०१९ या काळात ती फाशी अंमलात आली असती, तर ‘महाराष्ट्र राज्या’ने म्हणजे आपण, कोणाच्या दारात जाऊन माफी मागितली असती? आणि ज्या कुटुंबातली माणसं गेली, त्यांना तरी न्याय मिळाला का? खरे गुन्हेगार मोकळेच राहिले. चुकीच्या माणसाला शिक्षा होते तेव्हा अन्याय दोन घरांवर होतो.

हा अपवाद आहे, असं म्हणून पुढे जाता येत नाही. मार्च २०२३ मध्ये पुण्यातल्या १९९४ च्या एका खूनखटल्यातल्या कैद्याला सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. फाशीची शिक्षा झालेला हा माणूस गुन्ह्याच्या वेळी जेमतेम बारा वर्षांचा होता, हे सिद्ध व्हायला अठ्ठावीस वर्षं लागली. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये फाशीच्या कैद्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. २००० ते २०१५ या काळात खालच्या कोर्टांनी सुनावलेल्या फाशींपैकी वरच्या कोर्टांत शंभरातल्या पाचसुद्धा टिकल्या नाहीत, आणि शंभरातले जवळपास तीसजण तर चक्क निर्दोष सुटले. फाशीची शिक्षा झालेल्यांत सुमारे तीन-चतुर्थांश माणसं आर्थिकदृष्ट्या दुर्बळ होती. हे आकडे वाचून माझी झोप उडाली. तुमचीही उडावी, अशी माझी इच्छा आहे.

शिक्षा कोणाच्या वाट्याला येते, यालाही इतिहास आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. पारधी, कैकाडी, माकडवाले, टकारी अशा जमातींत जन्माला आलेलं मूल जन्मतःच संशयित ठरलं. सोलापुरात तारेच्या कुंपणात सेटलमेंट उभी राहिली. माणसांनी ठरल्या वेळी हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. गुन्हा काय? जन्म. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण संशय रद्द झाला का? गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिल्यांदा कुठे जाते, ते तुम्हालाही माहीत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये, एका पत्रकार स्त्रीच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतली जातीवर आधारलेली कामवाटणी आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणारी कलमं रद्द केली. २०२४ मध्ये! तोवर ती नियमावल्यांत होती आणि कोणाला खुपत नव्हती.

तिसरा मुद्दा त्या शिक्षेचा, जी निकालाआधीच सुरू होते.

महाराष्ट्राच्या मनात तुरुंगाचं एक उजळ चित्र आहे. टिळकांनी मंडालेत गीतारहस्य लिहिलं. विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीता-प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली गेली. आपल्याला याचा अभिमान आहे आणि तो असावाच. पण त्याच तुरुंगांत, शेजारच्या बराकीत कोण होतं? पाकीटमार, दारूवाला, पोटासाठी धान्य चोरणारा, रागाच्या भरात भावाच्या डोक्यात कुऱ्हाड घातलेला. त्यांच्याबद्दल आपल्याला काय माहीत आहे? काहीही नाही.

आज त्या बराकीत कोण आहे ते सांगतो. २०२२ च्या अखेरीस देशभरातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक माणसं होती. जागा होती सुमारे ४ लाख ३६ हजारांची. आणि आतल्यांपैकी ४ लाख ३४ हजार माणसं कच्चे कैदी होती. म्हणजे शंभरातली पंचाहत्तरहून अधिक माणसं अशी, ज्यांना अजून कोणत्याही कोर्टाने दोषी ठरवलेलं नाही. तारखेमागून तारीख पडते. आरोपीला कोर्टात न्यायला कधी गाडी नसते, कधी पोलीस बंदोबस्त नसतो. बाहेर बायको मोलमजुरी करते, पोरगं शाळा सोडतं, घरमालक खोली खाली करायला सांगतो. पाच वर्षांनी कोर्ट म्हणतं, निर्दोष. तोवर काय काय शिक्षा होऊन गेलेली असते?

आणि जामीन? जामीन मिळणं आणि सुटणं यात मोठं अंतर आहे. १९७८ सालचा एक निकाल सांगतो. मध्य प्रदेशातला एक गरीब गवंडी. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला. खालच्या मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीनदार मागितला. गवंड्याला दहा हजार! त्याचा भाऊ उभा राहिला, तर त्याची मिळकत दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो नाकारला गेला. गवंडी पुन्हा सर्वोच्च न्यायालयात. न्या. कृष्ण अय्यर यांनी त्याला हजार रुपयांच्या वैयक्तिक जातमुचलक्यावर सोडलं आणि जामिनाच्या नावाखाली गरिबाला कोंडून ठेवण्याच्या या पद्धतीवर कडक शब्दांत टीका केली. या निकालाला साडेचार दशकं होऊन गेली. आजही जामीन मंजूर झालेली माणसं केवळ जामीनदार मिळत नाही म्हणून आत आहेत. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत चांगली तरतूद आहे: पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ आत काढला, तर, काही अपवाद सोडता, त्याला बंधपत्रावर सोडायचं. पण त्या कैद्याला हे सांगणार कोण? तो अर्ज लिहिणार कोण? कायदा पुस्तकात असतो आणि माणूस बराकीत असतो. या दोघांची गाठ घालून देणारा वकील हवा, तो सरकारने नेमून नीट पगारावर ठेवलेला हवा.

आतापर्यंत मी शिक्षेच्या उणिवा सांगितल्या. कोणी म्हणेल, मग करायचं काय? गुन्हेगारांना ओवाळायचं? म्हणून चौथा मुद्दा, माणूस सुधारून परत येण्याचा, आणि हा माझ्या सगळ्यात जवळचा आहे.

माणदेश तुम्हाला ठाऊक आहे. पाऊस रुसलेला, माळरान पसरलेलं, ज्वारी-बाजरी पिकली तर पिकली. तिथे आटपाडीजवळ औंध संस्थानाने १९३९ मध्ये एक वसाहत वसवली, तिचं नाव स्वतंत्रपूर. औंध म्हणजे बहात्तर गावांचं एवढंसं संस्थान. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, सूर्यनमस्कारांसाठी घरोघर माहीत झालेले. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत. आणि त्यांच्यासोबत पोलंडमध्ये जन्मलेले इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन, जे भारतानंद या नावानेही ओळखले जात. या माणसांनी ठरवलं की खुनासारख्या गुन्ह्यांतल्या कैद्यांना भिंतीबाहेर ठेवून पाहायचं. भिंत नाही, साखळी नाही. जमीन द्यायची, ती कसायची. आणि आणखी एक गोष्ट केली: बायका-मुलांना सोबत राहू दिलं.

तुम्हीच सांगा, रात्री पळून जाण्यापासून त्या माणसाला कोण अडवत होतं? त्याचं शेत, त्याची बायको, अंगणात झोपलेली पोरं आणि आपल्यावर कोणीतरी विश्वास टाकला आहे ही जाणीव. ही वसाहत आजही आहे. आता ती महाराष्ट्र कारागृह विभागाकडे आहे. या प्रयोगाने चित्रपट दिग्दर्शक व्ही. शांताराम भारावले. आटपाडीच्याच मुलखातल्या ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ आला. सहा खुनी कैदी, एक जेलर आणि एक माळरान. चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, बर्लिनच्या महोत्सवात सन्मान झाला. साऱ्या जगाने टाळ्या वाजवल्या. पण चित्रपट जेवढा पोचला, तेवढा प्रयोग पसरला का? येरवडा आणि पैठणला खुली कारागृहं झाली. राजस्थानात जयपूरजवळ सांगानेरला कैदी कुटुंबासह राहतात, सकाळी गावात कामाला जातात, संध्याकाळी हजेरीला परत येतात. साठ वर्षांहून अधिक काळ हे चाललं आहे. तरीही देशातले बहुसंख्य कैदी आजही भिंतीआड दाटीवाटीने झोपतात.

मला कोणी भाबडं समजू नये. प्रत्येक कैदी स्वतंत्रपुरात नेता येणार नाही. काही माणसं अशी असतात की त्यांना बाहेर सोडणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळणं. त्यांना कोंडूनच ठेवावं लागेल, कदाचित आयुष्यभर. हे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो. पण तुरुंगात गेलेली बहुतेक माणसं एक ना एक दिवस बाहेर येणारच आहेत. ती आपल्याच एसटीत आपल्या शेजारी बसणार आहेत. ती कशी होऊन बाहेर यावीत, असं आपल्याला वाटतं? हातात काम असलेली, घराशी नातं टिकलेली? की आतल्या टोळीत भरती होऊन आलेली? यात दयेचा भाग कमी आणि आपल्याच हिताचा जास्त आहे. आपल्या तुरुंगांत संचित रजा (फर्लो) आहे, अभिवचन रजा (पॅरोल) आहे, कैद्यांना आपल्या लेकरांना जवळ घेता यावं म्हणून ‘गळाभेट’ होते. या गोष्टींना चैन म्हणणाऱ्यांनी एवढंच पाहावं, की घराशी धागा तुटलेला माणूस परत कुठे जाईल?

आणि नव्या भारतीय न्याय संहितेने, जी १ जुलै २०२४ पासून लागू झाली, आणखी एक दार किलकिलं केलं आहे. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी, पहिलाच गुन्हा आणि माल परत केलेला, अशा माणसाला तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा. विद्यार्थ्याने मोबाइल चोरला म्हणून त्याला सराईतांच्या बराकीत टाकायचं, की त्याच्याकडून सरकारी दवाखान्यात काम करून घ्यायचं? पहिल्या वाटेने आपण एक नवा सराईत घडवतो.

पाचवा आणि शेवटचा मुद्दा. तो मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तुमच्यातल्या अनेकांच्या मनात तो मघापासून आहे. ‘हे सगळं ठीक आहे हो, पण तुमच्या घरात असं घडलं असतं तर?’

हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिलं पाहिजे. माझ्या घरात असं घडलं असतं, तर मी त्या माणसाचा जीव घ्यायला धावलो असतो. तो राग खरा आहे. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण म्हणूनच तर निवाडा माझ्या हातात नसतो! म्हणूनच खटल्यावर माझं नाव नसतं, राज्याचं असतं. समाजाने माझा राग आपल्या अंगावर घेतला, माझ्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली आणि सांगितलं, तू रड, तू बोल, तुला न्याय आम्ही देऊ. हा करार आहे. तो समाजाने पाळला पाहिजे.

हा करार मोडला की काय होतं? डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ एका तरुण पशुवैद्यक स्त्रीवर अत्याचार करून तिला ठार मारल्याच्या गुन्ह्यातले चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली. सर्वोच्च न्यायालयाने आपल्या नागपूरचे निवृत्त न्यायमूर्ती व्ही. एस. सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०२२ मध्ये आयोगाचा निष्कर्ष जाहीर झाला: पोलिसांनी जीव घेण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या, दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालावा, आणि मेलेल्यांपैकी तिघे अल्पवयीन होते. ते चौघे दोषी होते की नव्हते, हे आता कोणतंही कोर्ट कधीच सांगू शकणार नाही. त्या मुलीच्या आईवडिलांनाही ते कधीच कळणार नाही. फुलं उधळणाऱ्यांनी त्यांच्याकडूनही काहीतरी हिरावून घेतलं.

पीडिताला खरं काय हवं असतं? खरं काय घडलं ते कळायला हवं असतं. खटला आपल्या हयातीत संपायला हवा असतो. पुढच्या तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात आरोपीच्या नातेवाइकांसमोर एकटं बसावं लागू नये, असं वाटत असतं. उपचारांना, पोरांच्या शिक्षणाला आधार हवा असतो. महाराष्ट्राने २०१३ मध्ये ‘मनोधैर्य’ योजना आणली, ती याच विचाराने. पण ती रक्कम वेळेवर किती जणींच्या हाती पडते, हे विचारायला किती मोर्चे निघाले? फाशीसाठी निघतात. मनोधैर्यासाठी एक तरी निघालेला तुम्ही पाहिला आहे का?

तर श्रोतेहो, थोडक्यात सांगायचं तर माझं म्हणणं एवढंच. शिक्षा हवी, तिच्याशिवाय समाज चालणार नाही. पण ती चुकणार नाही अशी हवी, वाढत जाणारी नको. ती खऱ्या गुन्हेगारालाच व्हावी, जो हाती सापडला त्याला नको. निकालाआधी सुरू होणारी नको. परत न घेता येणारी शिक्षा आपल्यासारख्या चुकणाऱ्या माणसांच्या हाती नको. आणि ज्याची शिक्षा भोगून संपली, त्याच्यासाठी ती खरोखर संपायला हवी.

हे सगळं सरकारवर सोडून आपण घरी जाऊ शकत नाही. पुढच्या वेळी आपल्या जिल्ह्यात एखादी भयंकर घटना घडेल. दुर्दैवाने घडेलच. तेव्हा पालकमंत्री येतील आणि कडक शिक्षेचं आश्वासन देतील. तेव्हा त्यांना तीन प्रश्न विचारा. गेल्या वर्षी नोंदलेल्या अशा किती गुन्ह्यांचा निकाल लागला? प्रयोगशाळेचे अहवाल किती महिन्यांनी आले? आधीच्या पीडितांच्या घरी मदत पोचली का? हे प्रश्न घोषणेपेक्षा जड आहेत. आणि एखाद्या दिवशी तुरुंगातून सुटून आलेला माणूस तुमच्या दुकानात, तुमच्या शेतावर, तुमच्या कारखान्याच्या फाटकाशी काम मागायला येईल. कोर्टाने त्याला जेवढी शिक्षा दिली होती तेवढी त्याने भोगली आहे. त्यात आपल्या पदरची वाढ करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. त्याला काम द्या.